वीस आण्यांचा चंद्रहार

प्रेमचंदांच्या 'गबन'मधला पहिला चंद्रहार वीस आण्यांचा आहे. श्रावणाचे दिवस, आमराईत झोके बांधलेले. फिरता मणेरी पेटी उघडतो आणि लहानगी जालपा त्यातला बिलोरी हार उचलते. आई भाव विचारते, चार दिवसांत याची चमक जाईल म्हणून कुरकुरते. मणेरी हसून म्हणतो, चार दिवसांत पोरीला खराच मिळेल की! कादंबरी १९३१ सालची. नवऱ्याच्या थापा, सराफाची उधारी, घरातली चोरी, कलकत्त्याला पलायन, पोलिसांसाठी दिलेली खोटी साक्ष, ही पुढची सगळी पडझड या वीस आण्यांतून उगवते.

आमच्या आजोळी या हारावरून दोन तट आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली बरीच मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. आजोबा त्यांतलेच एक. मामा पुढे राज्याच्या कोषागारात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मावशीने मुलींच्या कॉलेजात जन्मभर हिंदी शिकवलं. मामांना कादंबरीत खतावणी दिसते, मावशीला प्रतीक. मावशीला एका वाचनालयात 'थोर कादंबऱ्यांतला पैसा आणि भास' या विषयावर बोलायचं होतं आणि तिने मसुदा मामांना वाचून दाखवायची चूक केली. मी चहा करत होतो आणि ऐकत होतो.

मावशी : माझं म्हणणं साधं आहे, दादा. थोर कादंबरीतला पैसा कधीच नुसता पैसा नसतो. जालपाचा चंद्रहार घे, नाहीतर गॅट्सबीचा हिरवा दिवा घे. दोन्ही एकच. माणूस हात लांब करतो आणि हाताला काही लागत नाही.

मामा : एकच कसे? दिव्याला भाव नाही. हाराला आहे. वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. ज्याला भाव आहे आणि ज्याला नाही, त्यांना एका रकान्यात टाकलंस तर ऑडिटवाला काय म्हणेल?

फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ सालची. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरट्या दारूवर आणि संशयास्पद रोख्यांवर गबर झालेला, गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला गॅट्सबी न्यूयॉर्कजवळ खाडीकाठी राजवाड्यासारखं घर घेतो. समोरच्या काठावर त्याची जुनी प्रेयसी डेझी नवऱ्यासोबत राहते आणि तिच्या धक्क्यावर रात्री हिरवा दिवा जळतो. त्या दिव्यावर जगभरच्या विद्यार्थ्यांनी इतक्या उत्तरपत्रिका भरल्या आहेत, की आता तो दिवा कादंबरीपेक्षा गाइडातच जास्त उजळ दिसतो. हे माझं मत. मावशीला ते मान्य नाही.

मावशी : भाव आहे म्हणून तर तो भास जास्त बोचतो. बिलोरी हार गळ्यात घालून ती पोर गावभर मिरवते. खोट्याने तिला खऱ्याची चटक लागते. सासरच्या चढाव्यात चंद्रहार नाही हे कळताच तिचं लग्न तिच्यापुरतं उदास होतं. याला प्रतीक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मामा : आता माझी खतावणी ऐक. 'गबन'मध्ये चंद्रहार किती? आईचा एक. तो आणला जालपाच्या बापाने, दीनदयाळने. दीनदयाळ जमीनदाराचा मुखत्यार, पगार महिना ५ रुपये, तंबाखूलाही न पुरणारा. प्रेमचंद तिथे नुसतं सुचवतात, की बाकीची मिळकत कुठून येते कोण जाणे. म्हणजे हा हार वरकमाईचा. दुसरा जालपाला लग्नानंतर मिळतो, तो गंगू सराफाकडून, उधारीवर. आणि तिसरा मणेऱ्याचा. सगळ्या कादंबरीत रोख पैसे मोजून, कुणाचं देणं न ठेवता घेतलेला हार एकच, आणि तो खोटा! तुझं प्रतीक या हिशेबात आहे, बाई. हिशेब काढून घेतलास तर उरतं काय? बायकांना दागिने आवडतात, एवढंच.

मावशी क्षणभर गप्प झाली. ती गप्प झाली की समजावं, तिला मुद्दा आवडला आहे आणि तो उलटवायचा कसा याचा विचार चालू आहे.

मावशी : हं. आणि नेमकं तेच, बायकांना दागिने आवडतात, हे कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. परीक्षेत प्रश्न ठरलेला : 'गबन'मधून नारीच्या आभूषणप्रेमाचे दुष्परिणाम स्पष्ट करा. मुली लिहायच्या, मी गुण द्यायचे. पण कादंबरीत थापा कोण मारतं? रमानाथ. पगार ३० रुपये, बायकोला सांगतो ४०. बाप कचेरीत ५० रुपयांवर प्रामाणिकपणे खर्डेघाशी करणारा, आणि हा तिला जमीनदारीच्या आणि बँकेतल्या ठेवींच्या गोष्टी ऐकवतो. सराफाची बाकी फेडायला रात्री तिचीच दागिन्यांची पेटी चोरतो आणि चोर आला म्हणून बोंब मारतो. तिने एकदाही म्हटलेलं नाही, की कर्ज काढ आणि आण. खरी परिस्थिती कळली असती तर ती हट्ट धरून बसली नसती, हे पुढे तीच दाखवून देते. भास जालपाच्या डोळ्यांत नाही, रमानाथच्या जिभेवर आहे.

मामा : हे मात्र मंजूर.

मावशी : थांब, मंजुरी इतक्यात नको देऊ. रतन आठवते? वकिलाची बायको, बंगला, मोटार, नोकरचाकर. जालपाच्या बांगड्या पाहून तशाच करून आणायला रमानाथच्या हातात ६०० रुपये रोख देते आणि गंगू सराफ ते जुन्या बाकीत वळते करून घेतो. कादंबरीत सगळ्यांत श्रीमंत बाई तीच. मग म्हातारा नवरा मरतो आणि पुतण्या मणिभूषण उभा राहतो : कुटुंब एकत्र होतं, विधवेला पोटगीपुरता हक्क. बंगला जातो, मोटार जाते. १९३१ चा कायदा तसाच होता. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा आला १९३७ मध्ये, तोही मर्यादित. पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडलं. आता तूच सांग, हिशेबनीस, त्या काळच्या बाईच्या नावावर काय होतं? अंगावरचं सोनं. स्त्रीधन. बाकी सगळा भास. बंगला भास, मोटार भास. चंद्रहार तेवढा खरा.

मामा : म्हणजे हार प्रतीक नाही, हार मालमत्ता आहे. माझंच वाक्य तू मला विकते आहेस.

मावशी : मालमत्ता आहे म्हणूनच प्रतीक आहे. जिच्याजवळ दुसरं काही नाही, तिच्या गळ्यातला हार नुसता हार कसा राहील?

चहा गाळताना माझ्या लक्षात आलं, की दोघांनी जागा बदलल्या आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. मी बोललो नाही. आजोळी वाद चालू असताना मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून पडतात.

मामा : बरं, मग गंगेचं काय? नवरा पळून गेल्यावर जालपा शृंगाराचं सामान गंगेत सोडते. तुझ्या मसुद्यात लिहिलं आहेस : मोहाचं विसर्जन. मी पान काढून पाहिलं. बुडवलं काय? मखमली सपाता, रेशमी मोजे, फिती, कंगवे, आरसे. दागिना बुडवलेला नाही! दागिना विकला आणि ते पैसे म्युनिसिपालिटीत भरले, कारण नवऱ्याने दफ्तराची रक्कम घरी आणली होती आणि त्यातून रतनचे पैसे चुकते झाले होते. मोह विसर्जित करताना बाईने काय विकायचं आणि काय फेकायचं, हे नीट वेगळं केलं आहे. प्रेमचंद इतका पक्का माणूस होता.

मावशी : (हसून) हे मी भाषणात घेते. तुझं नाव सांगणार नाही.

मामा : नको सांगूस. आणि सगळ्यांत मोठी गंमत शेवटी. कादंबरीचं नाव 'गबन', म्हणजे सरकारी पैशाचा अपहार. अपहार झाला कुठे? जालपाने रक्कम भरली, खातं जुळलं, प्रयागच्या म्युनिसिपालिटीत त्याच्यावर एका पैचा आरोप नाही. कलकत्त्याचे पोलीस टेलिफोन करून हे विचारून घेतात आणि त्याच्यापासून लपवून ठेवतात. नसलेल्या गुन्ह्याच्या भीतीने हा माणूस क्रांतिकारकांविरुद्ध खोटी साक्ष देतो. कोषागारात मी असे लोक पाहिले आहेत. तूट दहा रुपयांची असायची, ती दोन दिवसांत सापडायची, पण तोवर माणूस रजेवर गेलेला असायचा. हिशेब पाहायचं धैर्य नसलं की माणूस स्वतःच्याच सावलीला घाबरतो.

यावर मावशीकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं असायचं कारणही नव्हतं. भासाबद्दल जगातल्या मोठ्या कादंबऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण शीर्षकातला गुन्हाच मुळात दप्तरी नसावा, ही करामत मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. मावशी मग अमेरिकेला परतली.

मावशी : गॅट्सबीतही एक हार आहे, ते विसरतोस. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा होणारा टॉम डेझीला मोत्यांचा सर देतो, किंमत ३,५०,००० डॉलर. त्याच संध्याकाळी ती दारू पिऊन, हातात गॅट्सबीचं पत्र घेऊन रडते, लग्न मोडा म्हणते. अर्ध्या तासात तोच सर गळ्यात घालून बाहेर येते आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला उभी राहते.

मामा : आणि गोष्ट सांगणारा निक शेजारच्या बंगलीत राहतो, भाडं महिना ८० डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेव, तुला हिरवा दिवा लागणार नाही. टॉमचा पैसा वडिलोपार्जित, मुरलेला. गॅट्सबीचा नवा आणि चोरटा, कधी कुणाचा फोन येईल आणि सगळं कोसळेल सांगता येत नाही. डेझीने भास निवडला नाही, पत पाहिली. बँकेने केलं असतं तेच केलं.

मावशी : तू फार कोरडा आहेस. त्या घरातल्या पुस्तकांची जागा घे. मेजवानीत एक चष्मेवाला पाहुणा ग्रंथालयात शिरतो, त्याला वाटतं सगळी पुठ्ठ्याची असतील. पुस्तकं खरी निघतात, पण पानं अजून कापलेलीच नाहीत. म्हणजे कुणी वाचलेली नाहीत. श्रीमंतीचा देखावा खऱ्या वस्तूंनी उभा केलेला. याला तुझ्या खतावणीत कुठला रकाना?

मामा : 'फर्निचर.'

मी हसलो. मावशी नाही हसली. तिने विषय भोपाळात आणला. घरच्या मैदानावर ती जास्त जोराने खेळते.

मावशी : आपल्या गावात बघ ना. भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगमांनी इथे ताजमहाल नावाचा राजवाडा बांधला, १८७१ ते १८८४. पुढे फाळणीनंतर त्यातच सिंधहून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले. मंज़ूर एहतेशाम फर्निचरचं दुकान चालवत या शहरावर 'सूखा बरगद' आणि 'दास्तान-ए-लापता' लिहून गेले. जुन्या भोपाळचं खानदानीपण घरातल्या घरात कसं झिजत गेलं, ते त्यांच्याकडून वाचावं. तिथे हिशेबाने काही हाती लागणार नाही. वाळलेल्या वडाचं झाड कुठल्या बिलात बसवशील?

मामा : ताजुल-मसाजिद ही मशीद आठव. पाया शाहजहाँ बेगमांच्याच काळातला. १९०१ मध्ये बेगम गेल्या, पैसा आटला, काम थांबलं. आम्ही लहानपणी पाहिली ती अर्धवट. १९७१ मध्ये काम पुन्हा लागलं आणि १९८५ ला पुरं झालं. अर्धवट इमारतीसारखा प्रामाणिक हिशेब दुसरा नाही. तो सगळ्यांना दिसतो. म्हणून मला देवासच्या राजवाड्याची कादंबरी हवी होती, आणि फॉर्स्टरने ती लिहिली नाही.

इथे वाचकाला थोडं सांगायला हवं. भोपाळहून इंदूरच्या वाटेवर साधारण दीडशे किलोमीटरवर देवास. पवारांचं मराठी संस्थान, एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे छत्रपती शाहू महाराजांचे जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे येऊन गेला आणि १९२१ मध्ये त्यांचा खाजगी सचिव म्हणून राहिला. 'अ पॅसेज टु इंडिया' आली १९२४ मध्ये. तिच्या शेवटच्या भागातली गोकुळाष्टमी देवासला पाहिलेल्या उत्सवावरून उतरली आहे. त्यात प्रोफेसर गोडबोले तुकोबांचा धावा करत नाचतात. इंग्रजी साहित्यातल्या इतक्या मोठ्या कादंबरीत तुकाराम शिरला तो या मराठी दरबारातून.

मामा : फॉर्स्टरने पत्रांतून सगळं टिपलं होतं. नवा राजवाडा बांधला जातोय, आणि आधी बांधलेला भाग तोवर ढासळायला लागलाय. कोरड्या हवेत पियानो तडकलेले, विजेच्या महागड्या बॅटऱ्या पडून. हे त्याने छापलं 'द हिल ऑफ देवी'मध्ये, १९५३ ला. मधल्या काळात तिजोरीचं दिवाळं निघालं, १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. आपला माणूस, कोल्हापूरचा जावई, परक्या मुलखात गेला. ही गोष्ट गॅट्सबीपेक्षा कमी आहे का? फॉर्स्टरच्या हातात खतावणी होती आणि त्याने कादंबरीत ढोल, गुलाल आणि पाळणा घातला.

मावशी : खतावणीही घातली आहे, तू घाईने वाचलंस. संस्थानात गोडबोले शिक्षणमंत्री आहेत. बादशहाच्या नावाने काढलेलं हायस्कूल पाहायला जुना सहकारी येतो, आणि गोडबोले विषय टाळत राहतात. का? शाळेचं धान्याचं कोठार झालेलं आहे. गोडबोल्यांना ते कबूल करायचं नाही. अख्ख्या संस्थानाचा ताळेबंद त्या एका कोठारात आहे. पियानोची यादी द्यायला पत्रं पुरतात, कादंबरीला कोठार लागतं.

मामा : एका कोठाराने माझं पोट भरत नाही.

मावशी : कारण तुला कादंबरीकडून वसुली करायची असते!

मी शेवटी विचारलं, मराठीत असं काय आहे? मामांनी पटकन 'वाडा चिरेबंदी'चं नाव घेतलं. एलकुंचवारांचे धरणगावचे देशपांडे म्हणजे विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्यांना नात्यातलेच. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, पेटीतलं पिढीजात सोनं, रात्री ते सगळं अंगावर चढवून बसलेली वहिनी. मावशी म्हणाली, ते नाटक आहे, आपण कादंबरीवर बोलतोय. मामा म्हणाले, सोनं तेच आहे. मग मावशीने 'गारंबीचा बापू' काढली, सुपारीच्या व्यापारावर वर आलेला बापू. मामांनी उद्धव शेळक्यांची 'धग' काढली. त्यातली कौतिक पैसा-पैसा मोजते, आणि मोजून मोजून संसार हातचा जातो तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. यावर दोघांचं एकमत झालं. आमच्या घरात ते क्वचित होतं. शेळक्यांनी प्रतीकाच्या नादी न लागता नुसता खर्च लिहिला, आणि 'धग' आपोआप कौतिकच्या घरापुरती राहिली नाही.

मला स्वतःला मामांची बाजू थोडी जड वाटते, पण ती मावशीच्या रतनमुळे. मराठीत आपण श्रीमंतीवर लिहायला लागलो की फार लवकर 'माया' म्हणून मोकळे होतो. संतांनी ते म्हटलं तेव्हा त्यांच्या मागे सोडून दिलेला संसार होता. आपल्या पुष्कळ कादंबऱ्यांत वाड्याचं भव्य वर्णन असतं, पण तो कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या कष्टाने उभा राहिला, ते नसतं. मग वाडा पडतो तेव्हा लेखक गहिवरतो आणि वाचक कोरडा राहतो. प्रेमचंद भाव सांगतात, व्याज सांगतात, बायकोला किती फुगवून सांगितलं तेही सांगतात. म्हणून रतनच्या अंगणातून मोटार जाते तेव्हा नेमकं काय गेलं, ते आपल्याला कळतं. शेवटची, अपुरी राहिलेली कादंबरी त्यांनी लिहायला घेतली, तिचं नावही 'मंगलसूत्र'. १९३६ मध्ये ते गेले.

'गबन' मूळ हिंदीतून वाचणं मराठी वाचकाला जड नाही. वाचायला घ्याल तेव्हा हातात पेन्सिल ठेवा. जिथे जिथे रुपयाचा आकडा येईल तिथे समासात टिपा : पैसे कुणाचे, रोख की उधार, आणि घरी किती सांगितले. तेवढं झालं, की चंद्रहार कशाचं प्रतीक आहे यावर आमच्या मावशीशी वाद घालायला खुशाल भोपाळला या.